पिवळं पडलेलं गवत उपटू नका

मी अक्कलकोट रोड एमआयडीसी भागातल्या आपल्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. मागच्या वेळी आपण गटाची वही आणि कर्जाचे हप्ते यावर बोललो होतो. आजचा विषय तुम्हाला जरा हलका वाटेल. आज आपण गवतावर बोलणार आहोत. जनावरांच्या चाऱ्यावर नाही, तर घरापुढच्या अंगणात, परसात, जुन्या डब्यात-बादलीत शोभेसाठी लावता येईल अशा आपल्याच माळावरच्या गवतावर.

तुम्ही म्हणाल, "गवत कोण लावतं का? आम्ही तर जन्मभर खुरपून काढलं." मीही असंच म्हणत होते. त्या म्हणण्याची किंमत आमच्या एका गटाला मोजावी लागली, म्हणून तेच आधी सांगते.

हा गट टॉवेलला शिलाई मारायचं, धागे कातरायचं, घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम करतो. कामाच्या खोलीपुढे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. मुरूम, विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा, सगळं तिथंच पडलेलं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या बैठकीत मीच ठराव मांडला की, इथं लॉन लावू. माल बघायला माणसं येतात, बँकेचे साहेब येतात, बरं दिसेल. लादीसारखे कापलेले हिरवे तुकडे आणले, अंथरले. गटाचे २,८०० रुपये गेले. संक्रांतीपर्यंत अगदी गालिचा दिसत होता. पण आपल्याकडे नळाला पाणी रोज कुठं येतं? होळीला लॉन पिवळी झाली आणि पाडव्यापर्यंत तिचा भुगा झाला. पैसे पाण्यात गेले असंही म्हणता येईना, कारण पाणीच नव्हतं.

पुढच्या बैठकीत एक जण शांतपणे म्हणाली, "ताई, माझी महिन्याची बचत शंभर रुपये. म्हणजे माझी अठ्ठावीस महिन्यांची बचत वाळली की." ती रागावली नव्हती. तिनं फक्त हिशेब केला होता. मला मात्र मान वर करता येईना.

त्याच बैठकीत आमच्या थोरल्या अक्का बोलल्या. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, लहानपण गुरांमागं माळावर गेलेलं. त्या म्हणाल्या, "अगं, पाणी मागणारं गवत कशाला आणलीस? न मागणारं आण की." मृग निघाल्यावर त्या माहेरी गेल्या आणि भावाच्या बांधावरचे गवताचे ठोंब ओल्या पोत्यात बांधून घेऊन आल्या. पैसा लागला तो फक्त एसटीच्या तिकिटाचा.

आधी गवत ओळखू या

आपण ज्याला त्याला गवत म्हणतो, पण सगळं गवत नसतं. खऱ्या गवताची काडी गोल असते, तिला पेरं असतात आणि प्रत्येक पेऱ्यातून एक पान निघून काडीला म्यानासारखं गुंडाळलेलं असतं. ज्वारीचं ताट डोळ्यापुढे आणा. ज्वारी गवतच आहे. बाजरी, गहू, ऊस, बांबू, सगळी याच कुळातली. मालदांडी ज्वारीची जी भाकरी आपण रोज थापतो, ती एका गवताच्या दाण्याचीच.

लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवून पाहा. ती तीन कडांची लागते, तिला पेरं नसतात. लव्हाळा गवत नाही. आणि गाजरगवत तर नावाचंच गवत. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं, अमेरिकेकडून आलेलं झाड. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. त्यानं अंगाला खाज सुटते, कुणाला दमा उठतो. ते फुलायच्या आत हातमोजे घालून उपटायचंच. मी उपटू नका म्हणतेय ते त्याच्याबद्दल नाही.

आपलं गवत टिकतं कसं

आपल्या सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, मध्ये मोठे खंड देऊन. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. इथलं गवत हजारो वर्षं याच हवेत वाढलंय.

त्याची युक्ती साधी आहे. तुळशीचा शेंडा खुडला की तिथली वाढ थांबते, कारण तिचा कोंब वर असतो. गवताचा कोंब खाली, मातीला टेकून असतो. म्हणून गाय चरली, विळ्यानं कापलं, उन्हानं वरचं पान वाळलं, तरी खालचा जीव शाबूत राहतो. पाणी संपलं की गवत वरची पानं सोडून देतं आणि बुडख्यात आणि मुळांत जीव धरून बसतं. शिवाय त्याची मुळं बारीक आणि दाट असतात, माती मुठीत धरल्यासारखी धरून ठेवतात. पावसाचं पाणी तिथं वाहून न जाता मुरतं.

हे मी आज सांगतेय, पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अक्कांनी लावलेलं गवत दिवाळीत सुरेख फुललं. मार्च आला आणि ते सगळं पिवळं पडलं. मला वाटलं, झालं, पुन्हा तीच गत. कुणी काही बोलायच्या आत जागा साफ करावी म्हणून मी सकाळीच खुरपं घेऊन गेले. दोन ठोंब उपटलेही. तेवढ्यात अक्का आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "थांब गं. झोपलंय ते, मेलं नाही." तिसऱ्या ठोंबाच्या बुडाशी त्यांनी नखानं खरवडून दाखवलं. आत फिकट हिरवं होतं आणि नखाला ओल लागली.

मे महिन्यात वळवाची एक सर आली. आठवड्याच्या आत त्या वाळक्या काड्यांतून पोपटी कोंब वर आले. मी उपटलेल्या दोन जागा मात्र तशाच राहिल्या.

तर आजच्या बोलण्यातलं एवढं एक लक्षात ठेवा. उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं की बुडाशी नखानं खरवडा. ओल लागली तर ते जिवंत आहे.

कोणतं गवत लावायचं

पाच नावं सांगते. पाचही गवतं एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतात.

पहिलं मारवेल. काळ्या मातीतल्या बांधावर हे हमखास सापडतं. ओळख अशी की, काडीच्या पेऱ्याभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं. पावसाळ्याच्या शेवटी बोटं पसरल्यासारखा जांभळट तुरा येतो. जनावरं आवडीनं खातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं चाऱ्यासाठी मारवेलच्या सुधारित जातीही काढल्यात. म्हणजे शोभेला लावा आणि कापल्यावर शेळीला घाला.

दुसरं पवन्या. काही गावांत याला शेडा म्हणतात. हे मुरमाड, उथळ जमिनीवरचं. काडीच्या टोकाला एकच लांबट लोंब, तिच्यावर हिरव्या-पांढऱ्या रेघा. वाळलं की सोनेरी दिसतं आणि वाऱ्यावर हलतं. जिथं खाली राडारोडा आहे, माती वीतभरच आहे, तिथं हे लावा.

तिसरं अंजन गवत. याचा तुरा खारीच्या शेपटीसारखा मऊ केसाळ असतो. पाणी सगळ्यात कमी लागतं. कुंडीतही छान दिसतं.

चौथं वाळा. याची शोभा वर कमी आणि गुण खाली मुळांत. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. उन्हाळ्यात माठात टाकायला, कपड्यांत ठेवायला ही मुळं आपण बाजारातून विकत आणतो. वाळ्याला बाकीच्यांपेक्षा जास्त ओल लागते, म्हणून न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावा. मुळं काढायची असतील तर उंच पोत्यात किंवा तळाला भोकं पाडलेल्या पिंपात लावा. दीड वर्षानं पोतं फाडलं की मुळं न तुटता हाती येतात. जमिनीतून काढायची म्हणजे खड्डा खणावा लागतो आणि कंबर जाते.

पाचवी दूर्वा, म्हणजेच आपली हरळी. शेतात हिनं किती छळलंय ते शेतकरणीला विचारा. जमिनीवर धावते, जमिनीखालूनही धावते. म्हणून ही मोकळ्या जमिनीत कधीच लावायची नाही. पसरट डब्यात, जुन्या टबात लावा, म्हणजे गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी घरची होईल.

सहावं एक नाव लावू नका म्हणून सांगते, ते कुसळी. दिसायला देखणी असते. तपकिरी-काळी कुसळं टोकाशी एकमेकांत गुंतून वेणी घातल्यासारखी दिसतात. पण ती लुगड्याच्या काठात घुसतात, शेळीच्या तोंडात रुततात. पोरांना एक गंमत मात्र दाखवा. वाळकं कुसळ ओल्या तळहातावर ठेवा. ते आपोआप गोल फिरायला लागेल. कुसळाला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. असं फिरत-फिरत ते आपलं बी मातीत रोवतं, आणि टोकाजवळचे उलटे केस बी परत वर येऊ देत नाहीत. कुंदासुद्धा अंगणात आणू नका. काळ्या रानात तो एकदा शिरला की मुळासकट निघता निघत नाही.

रोपवाटिकेत तुरेदार परदेशी गवतं मिळतात, ती का नकोत, असंही काही जणी विचारतात. ती इथल्या उन्हात बेभरवशाची, हा एक भाग. दुसरा असा की, एका देशाचं गुणी गवत दुसऱ्या देशात उपद्रवी होऊ शकतं. आपलं अंजन गवतच बघा. चारा म्हणून ते अमेरिकेच्या ॲरिझोनात नेलं. आता तिथल्या वाळवंटात ते इतकं माजलंय की आगी लागतात आणि तिथली निवडुंगं जळतात. जे जिथलं, तिथं ते आवरलेलं असतं.

लावायचं कसं

ठोंबानं लावणं सगळ्यात सोपं. मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की मोठा ठोंब मुळासकट काढा, हातानं फोडून तीन-चार काड्यांचे लहान ठोंब करा. वरची पानं अर्धी कापा, म्हणजे मुळांवर ताण येत नाही. दीड ते दोन फुटांवर वीतभर खड्डा करून लावा आणि पायानं माती दाबा. पहिले तीन आठवडे पावसानं ओढ दिली तर एक दिवसाआड तांब्याभर पाणी घाला. मूळ धरल्यावर काळजी संपली.

बियांनी लावायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास वाळलेले तुरे हातानं ओरबाडून कापडी पिशवीत ठेवा. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने मुरू द्यावं लागतं. जूनमध्ये ते माती आणि थोड्या शेणात कालवून सुपारीएवढ्या गोळ्या करा आणि ओल्या जमिनीवर किंचित दाबा. हलकं बी असं बांधलं की वाऱ्यानं उडत नाही, मुंग्या नेत नाहीत. खोल पुरू नका.

खत घालायचा मोह आवरा. ज्वारीला खत जास्त झालं की ती लोळते, तसं गवतही लोळतं. लावताना मूठभर जुनं शेणखत पुरे.

पहिला उन्हाळा तेवढा जपा. दहा-पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक ठोंबाला तांब्याभर पाणी द्या. न्हाणीचं पाणी चालेल, पण कपड्याच्या सोड्याचं आणि साबणाचं दाट पाणी नको. आपल्या भागात सूत रंगवण्याचं पाणी कुठं कुठं वाहताना दिसतं. ते कोणत्याच झाडाला घालू नका.

कापणी वर्षातून एकदा. बी गळून गेलं की, फेब्रुवारीच्या आसपास, विळ्यानं चार-पाच बोटं ठेवून कापा. मुळाशी टेकवून कापू नका, कोंब तिथंच असतो.

ठोंब कुठून आणायचे? आपल्या नाहीतर भावकीच्या बांधावरून. एमआयडीसीत रिकाम्या प्लॉटवर बांधकाम सुरू व्हायच्या आधी जेसीबी सगळं ओरबाडून नेतो, त्याआधी मालकाला किंवा वॉचमनदादाला विचारून चार ठोंब काढता येतात. अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या जमिनीवरून मात्र काडीही आणायची नाही.

दोन भीती, दोन काळज्या

"गवतात साप येईल," हा पहिला प्रश्न. साप गवतासाठी येत नाही. तो उंदरासाठी आणि लपायच्या जागेसाठी येतो. ठोंबांमध्ये दोन फूट अंतर ठेवा, बूड मोकळं ठेवा, शेजारी विटांचा ढीग आणि खरकटं टाकू नका. दाराला आणि भिंतीला लागून लावू नका.

दुसरी भीती आगीची, आणि ती खरी आहे. आपल्याकडे मागांचा कापूस उडतो, वाळक्या गवतावर तो येऊन बसतो. एक ठिणगी पुरते. म्हणून फेब्रुवारीतली कापणी चुकवायची नाही, कापलेलं तिथं साठवायचं नाही, आणि चूल, गॅस, विजेचा मीटर यांपासून गवत चांगलं दहा फूट लांब ठेवायचं.

घरात कुणाला दमा असेल तर गवत खिडकीखाली नको, फुलोऱ्याच्या दिवसांत परागानं त्रास होतो. आणि डब्या-कुंड्यांच्या खाली पाणी साठू देऊ नका, डास होतात.

यातून मिळतं काय

गवत लावून कुणी लखपती होणार नाही, हे आधीच सांगते. आमच्या गटाला गेल्या गणपतीत दूर्वांच्या जुड्यांचे ६४० रुपये मिळाले. यंदा वाळ्याचं पहिलं पोतं फाडू. मृगात ठोंब मागायला शेजारच्या गटातल्या बायका येतात, त्यांना आम्ही फुकट देतो. लॉनचे २,८०० अजून भरून निघालेले नाहीत. पण त्या जागेवर त्यानंतर एक रुपयाही घालावा लागला नाही, हे गटाच्या वहीत दिसतं.

आणखी एक मिळतं, ते वहीत लिहिता येत नाही. दिवाळीनंतर तुऱ्यांवर मुनिया येतात, दाणे टिपतात. जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर बसून ते बघतात. दिवसभर मशीनवर मान घालून बसलेल्या बाईला तेवढी दहा मिनिटं डोळ्यांना बरी वाटतात.

ज्याला आपण पडीक म्हणतो ना, त्या माळाचं मोल जाणत्यांनी कधीच ओळखलंय. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांचं देशातल्या गवतांवरचं मोठं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं छापलं. त्यांनी देशातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार पाडले. त्यातल्या आपल्या दख्खनच्या प्रकाराला त्यांनी दोन गवतांचीच शास्त्रीय नावं जोडून दिली. ती दोन गवतं म्हणजे पवन्या आणि मारवेल. जी अक्कांनी पोत्यात बांधून आणली होती, तीच. पुढे १९७९ मध्ये बार्शी रस्त्यावरच्या नान्नजसह आपल्या भागात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. तो पक्षी उघड्या माळावर, गवतातच अंडी घालतो. माळ नांगरले गेले, प्लॉट पडले, झाडं लावून झाकले गेले, आणि आता माळढोक क्वचितच कुणाला दिसतो. आपल्या दहा बाय बारा फुटांत माळढोक येणार नाही. पण माळावरचं गवत आपल्या पोरींना नावानं ओळखता येईल, एवढं आपल्या हातात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या पावसाळ्यात प्रत्येक गटानं एक काम करा. गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारा, "तुमच्या माहेरच्या बांधावर कोणतं गवत होतं, आणि त्याला काय म्हणत होता?" ती नावं गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मृग लागला की त्यातल्या एका गवताचे चार ठोंब लावा. आणि पुढच्या मार्चमध्ये ते पिवळं पडलं की खुरपं उचलायच्या आधी नखानं खरवडून बघा.

माझ्या हातून गेलेल्या त्या दोन जागी अक्कांनी यंदा नवे ठोंब लावले आहेत. तुमच्याकडच्या गवतांची नावं पुढच्या बैठकीत मला जरूर सांगा. नमस्कार.